‘बाई, हा पक्षी वेगळाय!’ – शरद ऋतूतले अनोळखी पाहुणे आणि आपली शाळा



पोळा झाला, गणपती गेले, घट बसायचे दिवस जवळ आले की शाळेच्या आवारात थोडा बदल जाणवू लागतो. पाऊस ओसरलेला असतो. कुंपणाकडेचं गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. मुली भोंडल्याचा फेर धरतात तेव्हा डोक्यावर चतुर घिरट्या घालत असतात. याच दिवसांत मधल्या सुट्टीत एखादं मूल धावत येतं आणि म्हणतं, "बाई, तारेवर एक वेगळाच पक्षी बसलाय!"

अशा वेळी शाळांमधून साधारणपणे तीन उत्तरं ऐकू येतात. पहिलं उत्तर, "असेल कुठला तरी. हात धू आणि जेवायला बस." दुसरं, "अरे, साळुंकी असेल ती." तिसरं हल्ली वाढलंय. मोबाईल काढायचा, फोटो घ्यायचा आणि स्क्रीनवर जे नाव येईल ते वाचून दाखवायचं. पहिल्या उत्तरात मुलाचं ऐकलंच जात नाही. दुसऱ्यात ऐकलं जातं, पण लगेच खोडलं जातं. तिसऱ्यात नाव मिळतं, पण मुलाचं बघणं तिथंच थांबतं.

माझ्या मते चौथं उत्तर द्यायला हवं. "कसा होता? नीट सांग. आपण लिहून ठेवू." प्रत्येक प्राथमिक शाळेत पक्ष्यांची एक नोंदवही असावी, ती सप्टेंबरात सुरू व्हावी आणि ती मुलांनी लिहावी, असं मला वाटतं. हा जास्तीचा उपक्रम नाही. भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्हींचा तो पाठ आहे. का ते सांगते.

पाहुणे याच दिवसांत का येतात?

उत्तरेकडे, म्हणजे सायबेरिया, मध्य आशिया, तिबेट आणि हिमालयात, उन्हाळ्यात दिवस मोठा असतो आणि किडे भरपूर असतात. पक्षी तिथं घरटी करतात, पिल्लं वाढवतात. पुढे तिथं थंडी पडू लागते, किडे संपतात, पाणी गोठतं. मग हे पक्षी दक्षिणेकडे निघतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंतच्या या वाटेला ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणतात. सुमारे ३० देशांवरून ही वाट जाते आणि आपला देश तिच्या मधोमध आहे.

म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात आपल्याकडे रोज काही ना काही नवं उतरत असतं. पाण्याकडेला शेपटी हलवत धोबी दिसू लागतो. जुन्या भिंतीवर थिरथिरा शेपूट थरथरवत बसतो. गवताच्या काडीवर गप्पीदास दिसतो. माळरानावर भोवत्या जमिनीलगत तरंगत जातो. भोरड्यांचे थवे तर त्याआधीच आलेले असतात. ज्वारी राखणाऱ्या घरातल्या मुलांना भोरड्या शिकवाव्या लागत नाहीत, गोफण कुठे टांगलीय तेही त्यांना ठाऊक असतं.

यातले बरेचसे छोटे पक्षी रात्री प्रवास करतात आणि पहाटे मिळेल तिथं उतरतात. त्यामुळे काल संध्याकाळी जे झाड रिकामं होतं, त्यावर आज सकाळी कधी न पाहिलेला पक्षी असू शकतो. मुलाचं म्हणणं खरं असण्याची शक्यता या दिवसांत सर्वांत जास्त असते, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

अनपेक्षित पक्षी दिसतो, त्याची कारणं

पहिलं कारण, तो फक्त वाटसरू असतो. आपलं गाव त्याचं मुक्कामाचं ठिकाण नसतं, वाटेतला थांबा असतो. अमूर ससाण्याचं उदाहरण घ्या. वजन जेमतेम दीडशे ग्रॅमच्या आसपास. आग्नेय सायबेरिया आणि ईशान्य चीनमध्ये तो घरटी करतो आणि हिवाळा काढायला आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. वाटेत नागालँड, मणिपूर, आसाममध्ये थांबतो, मग भारतीय द्वीपकल्प ओलांडून थेट अरबी समुद्रावरून आफ्रिका गाठतो. या प्रवासात त्यातले काही महाराष्ट्रावरून जातात. लोणावळ्याच्या परिसरात ते दिसल्याच्या नोंदी आहेत. तारेवर दोन-तीन दिवस दिसून गायब झालेला ‘लाल पायांचा छोटा ससाणा’ हा असा परदेशी वाटसरू असू शकतो.

त्याच्याबरोबर आणखी एक प्रवासी असतो. आपल्या मैदानावर उडणाऱ्या पिवळट चतुरांचे थवेही भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असं मालदीवमध्ये काम करणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. समुद्र ओलांडताना अमूर ससाण्याची शिदोरी हेच चतुर असावेत, असाही एक अंदाज आहे. चतुराच्या मागे पळणाऱ्या पोरांना हे सांगून बघा. ती थांबतात आणि वर बघतात.

दुसरं कारण, प्रवासी नवखा असतो. शरद ऋतूत प्रवास करणाऱ्यांमध्ये त्याच वर्षी जन्मलेले पक्षी मोठ्या संख्येने असतात. पर्डेक नावाच्या डच संशोधकाने यावर एक मोठा प्रयोग केला, तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. आपल्या भोरडीचा भाऊबंद म्हणावा असा स्टार्लिंग पक्षी त्यांनी हॉलंडमध्ये स्थलांतराच्या वाटेवर पकडला. असे ११ हजारांहून अधिक पक्षी कडी घालून स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. जुन्या, अनुभवी पक्ष्यांनी दिशा बदलली आणि ते नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे वळले. पहिल्यांदाच निघालेल्या पिल्लांनी मात्र जन्मजात ठरलेली दिशा सोडली नाही. ती त्याच दिशेने उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनमध्ये पोचली. दिशा रक्तात असते, रस्ता दुरुस्त करणं अनुभवाने येतं. एखादा पक्षी नेहमीच्या वाटेपासून दूर दिसण्यामागे बऱ्याचदा असा नवखेपणा असतो.

पण नवखा म्हणजे दुबळा नव्हे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एक गॉडविट पक्षी अलास्काहून निघाला आणि कुठेही न थांबता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरला. त्याच्या पाठीवरच्या उपग्रह-यंत्रामुळे हे कळलं. त्याचं वय होतं सुमारे पाच महिने! पाचवीतल्या मुलाला हे अंतर नकाशावर दोऱ्याने मोजायला लावा. परिसर अभ्यासाचा आणि गणिताचा तास एकाच दोऱ्यावर होतो.

तिसरं कारण वारा-वादळाचं. समोरून वारा लागला, धुकं पडलं किंवा वादळ आलं की पक्षी वाट सोडून खाली उतरतात. समुद्रावरचे पक्षी वादळानंतर किनाऱ्यापासून आत सापडतात ते यामुळेच.

आणि चौथं कारण मला शिक्षक म्हणून सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पक्षी दरवर्षी येतच होता, पाहणारं कोणी नव्हतं.

आधी ओळखीचे, मग अनोळखी

दसऱ्याच्या सुमारास नीलपंख दिसणं शुभ मानतात, हे तुम्ही ऐकलं असेल. काही ठिकाणी त्यालाच चास म्हणतात. आपला नेहमीचा नीलपंख बसलेला असताना छातीला तपकिरी-विटकरी दिसतो, उडाला की पंखांतली निळाई उघडते. याच दिवसांत त्याचा एक चुलतभाऊ, युरोपियन नीलपंख, पश्चिम भारतातून आफ्रिकेकडे जात असतो. महाराष्ट्रातही त्याच्या नोंदी आहेत. त्याचं डोकं, छाती, पोट सगळं फिकट निळं असतं आणि पाठ तांबूस. ज्या मुलाने आपला नीलपंख कधी नीट पाहिलेला नाही, त्याला दोन्ही सारखेच. ज्याने पाहिलाय, ते मूल म्हणेल, "बाई, याची छातीपण निळीच होती." ही एक ओळ म्हणजे उत्तम निरीक्षण.

म्हणून नोंदवहीची सुरुवात दुर्मीळ पक्ष्याने करायची नाही. चिमणी, कावळा, साळुंकी, होला, बुलबुल, दयाळ, कोतवाल, टिटवी, वेडा राघू, खंड्या या रोजच्या पक्ष्यांनी करायची. यांतले किती, कुठे आणि काय करताना दिसले, ते लिहायचं. महिनाभर हे झालं की अनोळखी पक्षी आपोआप उठून दिसतो. वर्गात नवं मूल आलं तर ते आपल्याला लगेच कळतं, कारण बाकीचे चेहरे पाठ असतात. तसंच हे आहे.

माझ्या वर्गात मेंढपाळ कुटुंबातला एक मुलगा आहे. जोडाक्षरं अजून अडतात त्याला. एकदा मैदानावर टिटव्या ओरडू लागल्या. मुलं म्हणाली, कुत्रं आलं असेल. हा म्हणाला, "कुत्र्याला अशी ओरडत नाही ती. वर काहीतरी आहे." वर खरंच भोवत्या होता. त्या दिवशी नोंद त्याने सांगितली आणि वर्गातल्या सर्वांत छान अक्षराच्या मुलीने ती लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने ‘भोवत्या’ लिहिलं. त्यात ‘त्या’ होतं, जोडाक्षर! वाचनात मागे पडलेल्या मुलाला वर्गात जाणकार ठरवणारा दुसरा इतका स्वस्त पाठ मला तरी माहीत नाही.

प्रश्नाला दार उघडणारा माणूस

डॉ. सलीम अली यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग कोणती? त्या प्रश्नासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. आपण गोष्ट इथपर्यंत सांगतो आणि बाळ सलीमच्या कुतूहलाचं कौतुक करतो. पण गोष्टीत दुसरा माणूसही आहे. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला हुसकावून लावलं नाही. त्यांनी चिमणी हातात घेतली, ओळखली आणि संग्रहातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. शिक्षकांनी या गोष्टीत स्वतःला शोधायचं असेल, तर ते मिलार्ड यांच्या जागी. "असेल कुठली तरी चिमणी" असं त्या दिवशी कुणी म्हटलं असतं, तर पुढचं काय झालं असतं कोण जाणे.

नोंद खरीच हवी

इथं एक सावधगिरी. अनपेक्षित पक्ष्याची नोंद म्हटली की मुलांना आणि मोठ्यांनाही मोह होतो. दिसला असेल शिक्रा, लिहायचा गरुड. हे किती महागात पडतं याचं उदाहरण आपल्याच खानदेशात आहे.

रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलं नव्हतं. ते स्थलांतर करत नाही, पण नोंदींच्या दृष्टीने त्याची कथा फार बोलकी आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातमध्ये आपल्याला हा पक्षी मिळाल्याचं दाखवलं होतं. प्रत्यक्षात त्याचा नमुना संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली. पुढे शोध घेणारे त्या खोट्या ठिकाणामुळे भरकटले. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, खरे जुने नमुने कुठले होते ते तपासलं आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा शोधून काढला. तब्बल ११३ वर्षांनी!

मुलांना यातून एकच नियम सांगायचा. जे दिसलं तेवढंच लिहायचं. ‘नाव माहीत नाही’ हीसुद्धा पूर्ण नोंद आहे, फक्त पुढे रंग, आकार, जागा आणि वेळ हवी. चूक निघाली तर खोडरबर वापरायचं नाही, शेजारी दुरुस्ती लिहायची.

आपल्या नोंदींना कोण विचारतं, असंही वाटू शकतं. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ जातींची स्थिती तपासली गेली. ती सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून. त्यातले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे हौशी लोक. शाळेची वही नीट असेल, तर ‘ई-बर्ड’सारख्या ठिकाणी शिक्षक त्या नोंदी टाकू शकतात. तिथं अनपेक्षित नोंद आली की जाणकार ती तपासतात, पुरावा विचारतात. पुरावा मागणं म्हणजे अविश्वास नाही, हेही मुलांनी शिकावं.

‘पण वेळ कुठाय?’

हा आक्षेप मला मान्य आहे. चाचण्या, माहिती भरणं, नवनवे उपक्रम यांतून शिकवायला वेळ काढावा लागतो. म्हणूनच मी पाच मिनिटं म्हणते, तीही परिपाठातली. ‘आजचा सुविचार’सारखंच ‘आजचा पक्षी’. वहीत सहा रकाने पुरेत:

१. तारीख आणि वेळ
२. जागा (कोणतं झाड, तार, डबकं)
३. किती पक्षी
४. कसा दिसला (आकार ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करून: चिमणीएवढा, कबुतराहून मोठा)
५. काय करत होता
६. कोणी पाहिला

सहावा रकाना विसरू नका. वहीत आपलं नाव आलं की मूल दुसऱ्या दिवशी लवकर येतं. महिनाअखेरीला याच वहीवरून चित्रालेख काढता येतो, पाच वाक्यांचं वर्णन लिहून घेता येतं.

"मला पक्ष्यांची नावं येत नाहीत," असंही काही जण म्हणतील. पण नोंदीला नाव लागत नाही, डोळे लागतात. नावासाठी मुलांच्या आजी-आजोबांना विचारा. पुस्तक आणि मोबाईल शेवटी उघडा.

आणखी एक. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिन. कल्पना सुंदर आहे. पण बहुतेक वर्षी हे दिवस दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या आगेमागे येतात. मग घाईघाईने चित्रकला स्पर्धा, रॅली, फोटो आणि अहवाल. पक्षी सप्ताह हा सुरुवातीचा दिवस नसून हिशोबाचा असावा, असं मला सुचवायचंय. सप्टेंबरपासून भरलेली वही त्या आठवड्यात गावासमोर वाचून दाखवायची. सुट्टी असेल तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मुलांच्या नोंदी लावायच्या.

थकलेल्या पाहुण्याशी कसं वागावं?

परतीच्या वाटेवरचा नवरंग हा याबाबतीत नेहमी अडचणीत सापडणारा पक्षी. पावसाळ्यात तो आपल्याकडे घरटी करतो आणि मग दक्षिणेकडे जातो. रात्रीच्या प्रवासात थकून किंवा काचेला धडकून तो व्हरांड्यात, बाल्कनीत सापडतो. अंगावर इतके रंग, की गर्दी जमते, हातात घेऊन फोटो काढले जातात. मुलांना आधीच सांगून ठेवा. गोल करून उभं राहायचं नाही. बसला असेल तर लांबून बघायचं, कुत्र्या-मांजरांना दूर ठेवायचं. जखमी असेल तर मोठ्या माणसाने हवा जाईल अशा खोक्यात, अंधारात, शांत ठेवायचं, चोचीत पाणी ओतायचं नाही आणि वन विभागाला कळवायचं. पायात कडी दिसली तर तिच्यावरची अक्षरं-आकडे जसेच्या तसे लिहून घ्यायचे.

पाहुण्याकडे बघण्याची नजर बदलली की काय होतं, ते नागालँडने दाखवलंय. २०१२ साली दोयांग जलाशयावर अमूर ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले जात होते. ते उघड झाल्यावर पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार थांबवली. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या तीन ससाण्यांना उपग्रह-यंत्रं बसवली गेली. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. ज्या गावात जाळी होती, त्या गावाचं नाव घेऊन एक पक्षी समुद्र ओलांडून गेला. आपल्याकडे जाळी नसतील, पण ‘पडीक’ म्हणून नांगरली जाणारी माळरानं आहेत, बुजवली जाणारी डबकी आहेत. तिथं कोण कोण उतरतं याची लेखी नोंद गावाकडे असेल, तर निदान बोलायला आधार मिळतो.

शेवटी मनातलं एक सांगते. पाहुणे उतरू लागतात, त्याच आठवड्यांत कितीतरी शाळांतली मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातात. पट कमी होतो. पक्ष्यांचं जाणं-येणं निसर्गाचा भाग आहे, मुलांची शाळा सुटणं तसं नाही. मुलांना थांबवण्यासाठी आपण हंगामी वसतिगृह, नातेवाईक असे सगळे प्रयत्न करतोच, करायलाच हवेत. तरीही एखादं मूल निघालंच, तर त्याच्या दप्तरात सहा रकाने आखलेली एक छोटी वही ठेवा. फडात बगळे किती होते, कोपीवर कोण येऊन बसलं, लिहायला सांगा. परत आल्यावर ती पानं शाळेच्या मोठ्या वहीत त्याच्या नावासकट चिकटवा. गैरहजेरीच्या त्या महिन्यांत त्याने काहीतरी पाहिलं, लिहिलं आणि शाळेने ते जपून ठेवलं, एवढं तरी त्याच्या हाती राहील.

वही साधी शंभर पानी चालेल. उद्याच्या परिपाठाला पहिली नोंद घ्या, मग ती चिमणीची का असेना.